कीर्तीचे भांडवल आणि न्यायाचा तराजू

खेळाडू नामवंत असला म्हणजे त्याने केलेल्या मारहाणीची शिक्षा हलकी होते काय, हा प्रश्न अधूनमधून वृत्तपत्रांत उपस्थित होतो. चार दिवस त्यावर चर्चा होते आणि पुढच्या सामन्याच्या धावफलकाखाली तो गाडला जातो. ज्यांना तो खेळाडू प्रिय असतो ते म्हणतात, देशासाठी घाम गाळणाऱ्याला एक चूक माफ असावी. ज्यांना तो अप्रिय असतो ते म्हणतात, न्यायाधीशही अखेर माणसेच आहेत आणि तीही सामने पाहतात. दोन्ही उत्तरे सोपी आहेत आणि दोन्ही अपुरी आहेत. समाजवादी कार्यकर्त्याला या प्रश्नाचा विचार व्यक्तिगत आवडीनिवडीपलीकडे जाऊन करावा लागेल. कारण येथे प्रश्न एखाद्या क्रिकेटपटूचा वा कुस्तीगिराचा नाही. कायद्यापुढे सर्व समान, हे जे वचन राज्यघटनेच्या १४ व्या अनुच्छेदाने दिले आहे, त्याचा व्यवहारातला भाव काय, हा खरा प्रश्न आहे.

या दृष्टीने भारतातील एक खटला तपशिलाने पाहण्यासारखा आहे. २७ डिसेंबर १९८८ रोजी पतियाळा शहरात रस्त्यात उभ्या केलेल्या मोटारीवरून वाद झाला. एका बाजूला पंचवीस वर्षांचे नवज्योतसिंग सिद्धू आणि त्यांचे एक स्नेही होते. दुसऱ्या बाजूला बँकेत पैसे काढण्यासाठी निघालेले पासष्ट वर्षांचे एक गृहस्थ. १९८७ च्या विश्वचषक स्पर्धेने सिद्धूंचे नाव घरोघर पोचवलेले होते. वादाचे पर्यवसान हातघाईत झाले, त्या वृद्ध गृहस्थांच्या डोक्यावर ठोसा बसला आणि रुग्णालयात नेल्यावर त्यांचा मृत्यू झाला.

पुढचा सारा इतिहास तारखांचा आहे. २२ सप्टेंबर १९९९ रोजी, म्हणजे जवळजवळ अकरा वर्षांनी, पतियाळाच्या सत्र न्यायालयाने आरोपींना निर्दोष सोडले. या अकरा वर्षांत सिद्धू भारताकडून कसोटी सामने खेळत राहिले. २००४ साली ते अमृतसरहून लोकसभेवर निवडून आले. डिसेंबर २००६ मध्ये पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने निर्दोषमुक्ती रद्द करून सदोष मनुष्यवधाबद्दल त्यांना तीन वर्षांची शिक्षा दिली. त्यांनी खासदारकीचा राजीनामा दिला. जानेवारी २००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नुसत्या शिक्षेलाच नव्हे तर दोषसिद्धीलाही स्थगिती दिली आणि ते पोटनिवडणूक लढवून पुन्हा लोकसभेत गेले. अपील अकरा वर्षे तसेच पडून राहिले. १५ मे २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मनुष्यवधाचा आरोप अमान्य करून त्यांना केवळ इच्छापूर्वक दुखापत केल्याबद्दल दोषी ठरवले आणि एक हजार रुपये दंड केला. त्या दिवशी ते पंजाबच्या मंत्रिमंडळात मंत्री होते. मृताच्या कुटुंबीयांनी पुनर्विलोकनाचा अर्ज केला आणि १९ मे २०२२ रोजी त्याच न्यायालयाने एक वर्षाची सक्तमजुरी सुनावली. दुसऱ्या दिवशी सिद्धू शरण आले आणि चांगल्या वर्तनाची सूट मिळून १ एप्रिल २०२३ रोजी बाहेर पडले. ठोसा बसला तेव्हा पंचविशीत असलेला तरुण अखेरचा निकाल लागला तेव्हा अठ्ठावन्न वर्षांचा होता. मधला काळ तेहतीस वर्षे आणि जवळजवळ पाच महिने.

या हकिगतीवरून न्यायाधीश कीर्तीपुढे वाकले असा निष्कर्ष काढणे घाईचे आणि अन्यायाचे ठरेल. मृत्यूचे नेमके कारण काय, याविषयी वैद्यकीय पुराव्यात खरोखरच गोंधळ होता. त्याचा लाभ आरोपीला मिळणे हे फौजदारी न्यायाचे मूलतत्त्वच आहे आणि ते तत्त्व गरिबाच्याही कामाचे आहे. २००६ सालच्या राजीनाम्यामागचा नैतिक भाव नाकारण्याचेही कारण नाही. २०१८ साली, ज्या सरकारात सिद्धू मंत्री होते त्याच पंजाब सरकारने सर्वोच्च न्यायालयात उच्च न्यायालयाची शिक्षा कायम ठेवावी अशी भूमिका घेतली होती, हेही नोंदवले पाहिजे. आणि २०२२ च्या निकालात न्यायालयाने आपली चूक मोकळेपणाने दुरुस्त केली. मुष्टियोद्धा, कुस्तीगीर, क्रिकेटपटू अशा कसलेल्या शरीराच्या माणसाचा हात हेच हत्यार होऊ शकते, असे न्यायालयाने म्हटले. हा विचार महत्त्वाचा आहे. खेळाने कमावलेले बळ ही सवलत मागण्याची सबब नसून जबाबदारी वाढवणारी गोष्ट आहे, असा त्याचा अर्थ होतो.

मग दोष कुठे आहे? तो या तारखांच्या मधल्या अंतरात आहे. २०१८ साली केवळ दंडावर भागवताना न्यायालयाने जी कारणे दिली, त्यांत घटनेला तीस वर्षे होऊन गेली हेही एक कारण होते. शस्त्र वापरलेले नाही, पूर्ववैर नाही, ही इतर कारणे समजण्यासारखी आहेत. परंतु काळ उलटला म्हणून शिक्षा सौम्य, या युक्तिवादाचा आर्थिक अर्थ कुणीतरी सांगितला पाहिजे. विलंब हा पावसासारखा सर्वांच्या अंगणात सारखा पडत नाही. जो जामिनावर बाहेर आहे, ज्याचा व्यवसाय चालू आहे, ज्याच्या बाजूने नामांकित वकील उभे आहेत, त्याच्यासाठी खटल्याचे प्रत्येक लांबलेले वर्ष ही कमाई असते. त्या वर्षांत तो प्रतिष्ठा जोडतो, लोकांच्या मनात नव्या प्रतिमेने स्थिरावतो आणि अखेरीस ती वर्षेच त्याच्या बाजूने साक्ष देतात. जो आत आहे त्याच्यासाठी मात्र लांबलेले प्रत्येक वर्ष ही शिक्षाच असते. निकालापूर्वी भोगलेली आणि कदाचित निर्दोष सुटल्यावरही परत न मिळणारी.

म्हणून कीर्ती हे एक प्रकारचे भांडवल आहे, असे म्हटले पाहिजे. जमीन, यंत्रे, रोकड यांप्रमाणेच तिच्यातून उत्पन्न निघते, तिच्या तारणावर पत मिळते आणि अडचणीच्या काळात ती मोडून खाता येते. न्यायालयाच्या दारात हे भांडवल न्यायाधीशाला विकत घेत नाही. तशी त्याला गरजही पडत नाही. ते वेळ विकत घेते. आणि विकत घेतलेला वेळ पुढे शिक्षेतील सूट होऊन व्याजासह परत येतो.

याची दुसरी बाजू पाहायची तर १९७८ सालचा मोती राम खटला आठवावा. मध्य प्रदेशातील या गरीब गवंड्याला सर्वोच्च न्यायालयाने जामीन मंजूर केला. पण खालच्या दंडाधिकाऱ्याने दहा हजार रुपयांचा जामीनदार मागितला आणि त्याच्या भावाची हमी, भाऊ व त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून नाकारली. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी या प्रकारावर कठोर टीका करून एक हजार रुपयांच्या स्वतःच्या हमीवर त्याला सोडण्याचा आदेश दिला. एक हजार रुपये ही रक्कम दोन्ही खटल्यांत यावी हा योगायोग आहे. एका गवंड्याला खटला चालेपर्यंत घरी जाण्यासाठी तेवढी हमी लिहून द्यावी लागली; एका मंत्र्याचा तीस वर्षांचा खटला, काही काळापुरता का होईना, तेवढ्याच रकमेत मिटला. १९७९ साली हुसैनारा खातून प्रकरणात बिहारच्या तुरुंगांतील जी माणसे उजेडात आली, त्यांतील कित्येकांनी तर आरोप सिद्ध झाला असता तरी जास्तीत जास्त जेवढी शिक्षा झाली असती, तिच्याहून अधिक काळ निकालाविनाच आत काढला होता. ही जुनी गोष्ट झाली असे कुणी म्हणू नये. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ च्या अखेरीस देशातील तुरुंगांत ५ लाख ७३ हजारांहून अधिक माणसे होती आणि त्यांपैकी ४ लाख ३४ हजार, म्हणजे सुमारे ७६ टक्के, कच्चे कैदी होते. त्यांच्या बाबतीत विलंब हे शिक्षा सौम्य करण्याचे कारण ठरत नाही; विलंब हाच त्यांचा तुरुंग असतो.

हजार रुपयांच्या दंडाविषयीही थोडे बोलले पाहिजे, कारण त्यावर लोक हसले, पण त्याचे मूळ कुणी पाहिले नाही. इच्छापूर्वक दुखापतीला एक वर्षापर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, ही तरतूद १८६० सालच्या दंडविधानातील आहे. त्या काळी अनेक वर्षांची मजुरी साठवूनही मजुराच्या हाती हजार रुपये येणे दुरापास्त होते. म्हणजे त्या दंडाला धाक होता. रुपया घसरत गेला, आकडा तोच राहिला आणि धाक नाहीसा झाला. नव्या भारतीय न्याय संहितेने, जी १ जुलै २०२४ पासून लागू झाली, ही मर्यादा दहा हजारांवर नेली. तथापि आकडा वाढवल्याने मूळ दोष जात नाही. दहा हजार रुपये शेतमजुराचे घर बसवू शकतात. लाखो रुपये मानधन घेणाऱ्या खेळाडूला ते दिसतही नाहीत. दोघांना सारखाच आकडा लावणे ही समानता नव्हे.

युरोपातील काही देशांनी यावर उपाय काढला आहे. फिनलंडमध्ये १९२१ पासून दंड रकमेत न मोजता दिवसांत मोजण्याची पद्धत आली. गुन्ह्याच्या गांभीर्यावरून दिवस ठरतात आणि आरोपीच्या रोजच्या उत्पन्नावरून दर. जर्मनीतही तीच रीत आहे. २०१४ साली तेथील फुटबॉलपटू मार्को रॉइस परवान्याशिवाय वर्षानुवर्षे मोटार चालवत असल्याचे आढळले, तेव्हा त्याला नव्वद दिवसांचा, दिवसाला सहा हजार युरो दराने, एकूण ५ लाख ४० हजार युरो दंड झाला. त्याने कुणाला इजा केली नव्हती. त्याच गुन्ह्यासाठी कारखान्यातल्या कामगारालाही नव्वद दिवसांचाच दंड झाला असता, पण त्याच्या स्वतःच्या मिळकतीच्या दराने. कीर्ती आणि संपत्ती यांना तराजूत न धरता न्याय कसा करता येतो, याचा हा व्यवहार्य नमुना आहे.

कीर्ती नेहमी लाभाचीच ठरते असे मात्र नाही आणि ही दुसरी बाजू दडवून ठेवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. जानेवारी १९९५ मध्ये इंग्लंडमधील एका सामन्यात फ्रेंच फुटबॉलपटू एरिक कँटोना याने शिवीगाळ करणाऱ्या प्रेक्षकावर उडी घेऊन लाथ मारली. खालच्या न्यायालयाने, तो तरुणांचा आदर्श आहे या कारणास्तव, त्याला दोन आठवड्यांची कैद दिली. अपिलात ती रद्द होऊन १२० तासांची समाजसेवा ठरली. आरोपीचा दर्जा काहीही असो, शिक्षा त्याच्या गुन्ह्याच्या गांभीर्यावरून व्हावी, प्रसिद्ध माणसाला धडा म्हणून उभे करण्यासाठी नव्हे, असा अपील न्यायालयाचा आशय होता. हे तत्त्व समाजवाद्यांनीही मान्य केले पाहिजे. मोठ्या माणसाला खाली ओढण्यात जो एक आसुरी आनंद असतो, त्याचा समतेशी काही संबंध नाही. मागणी अधिक कठोर तराजूची नाही. मागणी एकाच तराजूची आहे.

तो तराजू कसा ढळतो हे स्त्रियांवरील हिंसेच्या खटल्यांत विशेषत्वाने दिसते. अमेरिकेतील फुटबॉलपटू ओ. जे. सिम्प्सन याच्यावर १९८९ साली पत्नीला मारहाण केल्याचा खटला झाला. त्याने आरोपाला विरोध केला नाही. शिक्षा काय झाली, तर दंड, समाजसेवा आणि देखरेखीखालची मुक्तता. तुरुंगाचा एक दिवसही नाही. पाच वर्षांनी त्याच स्त्रीचा, आता घटस्फोटित, खून झाला. त्या खुनाच्या आरोपातून १९९५ साली तो निर्दोष सुटला आणि १९९७ साली दिवाणी न्यायालयाने त्याला त्या मृत्यूबद्दल जबाबदार धरले. त्या दोन निकालांविषयी मतभेद असू शकतील. पण १९८९ च्या निकालाने त्या स्त्रीला काय संरक्षण दिले, या प्रश्नाला समाधानकारक उत्तर नाही. दक्षिण आफ्रिकेचा धावपटू ऑस्कर पिस्टोरियस याने फेब्रुवारी २०१३ मध्ये बंद दारातून गोळ्या झाडून आपल्या प्रेयसीचा जीव घेतला. खुनाला तेथील कायद्याने साधारणतः किमान पंधरा वर्षांची शिक्षा असताना २०१६ साली त्याला सहा वर्षे देण्यात आली. शिक्षा देताना न्यायाधीशांनी त्याचे वर्णन ढासळलेला नायक असे केले; त्याची कारकीर्द संपली, तो आर्थिक दृष्ट्याही बुडाला, हे विचारात घेतले गेले. २०१७ साली वरच्या न्यायालयाने ती शिक्षा धक्कादायक रीतीने सौम्य असल्याचे सांगून, भोगलेला काळ वजा करून, तेरा वर्षे पाच महिने केली.

ढासळलेला नायक, या शब्दांत या विषयाचे सगळे मर्म आहे. उंचावरून पडणाऱ्याला अधिक लागते, असे आपल्याला सहज वाटते. म्हणून त्याचे पडणे हाच शिक्षेचा एक भाग मानला जातो. परंतु हमाल तुरुंगात गेला म्हणजे त्याचीही कारकीर्द संपते. त्याची ठेक्यावरची जागा दुसरा घेतो, झोपडीचे भाडे थकते, मुलाची शाळा सुटते. तो उंचावरून पडलेला नसल्यामुळे त्याचे पडणे कुणाच्या डोळ्यांत भरत नाही आणि निकालपत्रात लिहिले जात नाही. गमावण्यासारखे ज्याच्याजवळ पुष्कळ होते त्याच्या नुकसानीची मोजदाद होते. ज्याच्याजवळ थोडेच होते त्याचे सर्वस्व गेले तरी ते हिशेबात येत नाही.

आपल्या देशात हा धोका आणखी एका ठिकाणी दिसतो. ऑलिंपिकमध्ये दोन पदके मिळवणारे कुस्तीगीर सुशील कुमार यांच्यावर, मे २०२१ मध्ये दिल्लीच्या छत्रसाल स्टेडियमवर झालेल्या मारहाणीत एका तरुण कुस्तीगिराचा मृत्यू झाला त्या प्रकरणी खुनाचा आरोप ठेवला गेला. आरोप खरा की खोटा हे सत्र न्यायालयाने पुराव्यावर ठरवायचे आहे. त्याविषयी आधीच निवाडा देण्याचा अधिकार कुणालाही नाही. त्यांनी काही वर्षे कच्चा कैदी म्हणून काढली, हेही खरे. येथे लक्ष वेधायचे ते एवढ्यापुरतेच की मार्च २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने दिलेला जामीन १३ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला, तेव्हा आरोपीचा प्रभाव आणि साक्षीदारांवर दबाव येण्याची शक्यता हे मुद्दे विचारात घेतले गेले. आखाड्यातील साक्षीदार बहुधा आखाड्यातलेच असतात. ज्याच्या शब्दावर त्यांची निवड, खुराक, पुढे रेल्वेतील वा पोलिसांतील नोकरी अवलंबून असू शकते, त्याच्याविरुद्ध साक्ष देण्यासाठी केवळ सत्यप्रेम पुरत नाही. कीर्तीचे वजन न्यायासनावर पडण्यापूर्वी ते साक्षीदाराच्या पिंजऱ्यात पडलेले असते.

आणि या वजनाचा काही भाग लोकच घालतात. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटनासमितीत बोलताना डॉ. आंबेडकरांनी इशारा दिला होता की धर्मात भक्ती आत्म्याच्या मुक्तीचा मार्ग असू शकेल, पण राजकारणात भक्ती अधःपाताकडे आणि अखेर हुकूमशाहीकडे नेते. खेळाच्या मैदानावरील भक्ती तेवढी निरुपद्रवी आहे असे वाटते, पण तीच भक्ती मतपेटीपर्यंत आणि तेथून मंत्रालयापर्यंत येते. सिद्धूंना एका पक्षाने लोकसभेत पाठवले आणि त्यांचे अपील पडून असतानाच दुसऱ्या पक्षाने मंत्री केले. दोन्ही पक्षांना मृत गृहस्थाच्या कुटुंबाला काय वाटेल हा प्रश्न पडला नाही. समाजवादी चळवळीनेही आपले अंगण झाडून घ्यावे. सभेला गर्दी जमावी म्हणून नामवंत खेळाडू वा नट आणण्याचा मोह पुरोगामी व्यासपीठांनाही झालेला आहे.

तेव्हा करायचे काय? पहिले, दुखापतीपासून वरच्या सर्व शारीरिक हिंसेच्या खटल्यांना अपिलासह ठरावीक कालमर्यादा असावी; आणि आरोपी जामिनावर बाहेर असताना झालेला विलंब त्याच्या शिक्षेत सूट देण्याचे कारण मानू नये, अशी स्पष्ट तरतूद कायद्यात व्हावी. दुसरे, दंड उत्पन्नाच्या प्रमाणात असावा. तिसरे, अर्ध्या किंवा एकतृतीयांश शिक्षेएवढा काळ आत काढलेल्या कच्च्या कैद्यांना सोडण्याची जी तरतूद कायद्यात आहे, ती प्रत्येक जिल्ह्याच्या तुरुंगात अमलात येते की नाही, यावर कार्यकर्त्यांनी डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवावे. हे काम व्यासपीठावरचे नाही. ते तुरुंगाच्या दारात, तारखेच्या दिवशी न्यायालयाच्या व्हरांड्यात आणि विधिसाहाय्य समितीच्या कचेरीत करायचे आहे. चौथे, दुर्बल साक्षीदाराच्या मागे संघटनेने उभे राहावे. न्यायालय त्याला संरक्षण देऊ शकते, धीर मात्र शेजाऱ्यापाजाऱ्यांनीच द्यायचा असतो.

महाराष्ट्राला न्यायाचा एक जुना दाखला पाठ आहे. १७७३ साली नारायणराव पेशव्यांचा खून झाल्यावर रामशास्त्री प्रभुणे यांनी राघोबादादांना, ते सत्तेवर असताना, देहान्ताखेरीज दुसरे प्रायश्चित्त नाही असे तोंडावर सांगितले आणि पद सोडले. या गोष्टीत लोक शास्त्र्यांचे धैर्य आठवतात आणि ते योग्यच आहे. परंतु तेवढ्यावर थांबून चालत नाही. प्रत्येक न्यायासनावर रामशास्त्री बसेल या भरवशावर लोकशाही चालवता येत नाही. सामान्य न्यायाधीश, सामान्य साक्षीदार आणि सामान्य फिर्यादी यांच्याकडूनही न्याय होईल अशी व्यवस्था उभारणे हे लोकशाहीचे काम आहे. पतियाळाच्या त्या कुटुंबाला अखेरचा निकाल मिळायला तेहतीस वर्षे लागली. तो मिळाला, कारण त्यांनी सोडून दिले नाही. ज्यांच्यात तेवढे बळ नसते त्यांच्या वतीने न सोडणे, हेच चळवळीचे काम असते.